वीतभर लोसो मूर्ती: खरी का, तेल लावू का, घरात ठेवू का

तुम्ही विचारलंय ते आधी थोडक्यात मांडते. सासरे ऐंशीच्या दशकात फॉस्फेटच्या व्यवहारात पश्चिम आफ्रिकेतल्या टोगोला, राजधानी लोमेमधे होते, येताना त्यांनी वीतभर उंचीची लाकडी उभी मूर्ती आणली, विकणाऱ्यानं ती 'लोसो', म्हणजे उत्तर टोगोतल्या लोसो लोकांची, असल्याचं सांगितलं होतं. आता कपाटातून बाहेर काढल्यावर तिच्याखाली पिवळसर पीठ पडतंय, आणि तुम्हाला जाणून घ्यायचंय की ती खरी आहे का, जवसाचं तेल लावून उजळवू का, आणि अशी मूर्ती घरात ठेवलेली चालते का.

तेल नको. कुठलंच नको, जवसाचं नको, खोबरेल नको, फर्निचर पॉलिश तर अजिबात नको. मी लाकडी वस्तूंच्या कॉन्झर्वेशनचं, म्हणजे जतनाचं, काम करते, त्यात पश्चिम आफ्रिकेतल्या मूर्ती बऱ्याच हाताळल्यात, आणि सगळ्यात जास्त नुकसान मी वाळवीमुळं नाही तर माणसांनी प्रेमानं लावलेल्या तेलामुळं झालेलं बघितलंय. जवसाचं तेल सुकताना कडक थर बनवतं, धूळ धरतं, काळं पडत जातं आणि नंतर काढता येत नाही. त्याहून वाईट म्हणजे लाकडावर जे काही मूळचं बसलेलं असतं, पिठाचा अंश, धूर, हाताचा मळ, ते सगळं त्या तेलात मिसळून जातं, आणि ती मूर्ती काय होती हे सांगणारा पुरावा तोच असतो. ओल्या फडक्यानंही पुसू नका. मऊ कोरडा ब्रश, रंगकामाचा चालेल, हलक्या हातानं, तोही फक्त सैल धुळीसाठी.

आता पीठ. हे पहिलं बघा, बाकी वाचायला नंतर वेळ आहे. मूर्ती काळ्या कागदावर ठेवा, जी भोकं दिसतायत त्यांचे जवळून फोटो काढा, आणि दोन-तीन आठवडे न हलवता तिथंच राहू द्या. कधीकधी कीड कधीच मेलेली असते आणि जुन्या भोकातलं पीठ फक्त हलवल्यामुळं सांडतं. पण मूर्ती जागची हलली नाही तरी कागदावर नवीन छोटा ढीग दिसला, किंवा एखाद्या भोकाची कड आतून ताज्या फिक्या लाकडाच्या रंगाची दिसली, तर आत घुण जिवंत आहे. ते पीठ ग्लोव्हज घालून बोटांत चोळून बघा, अगदी मऊ असेल तर भुंगेऱ्याची जात वेगळी, कणीदार लागलं तर वेगळी, आणि एकसारखे लांबट, सहा पैलूंचे बारीक दाणे असतील तर ती कोरड्या लाकडातली वाळवी असू शकते, मग आजूबाजूचं कपाटही तपासा. ती मूर्ती आत्ताच, त्या काळ्या कागदासकट, एका पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालून बंद करा म्हणजे घरातल्या सागवानाला धोका नको (घुणाला लाकडाचा बाहेरचा कवळा भाग आवडतो, पक्क्या गाभ्याकडं तो सहसा जात नाही, पण पावसाळ्यात प्रयोग कशाला करायचा).

मारायचा उपाय म्हणून कीटकनाशकाचं इंजेक्शन भोकात मारू नका. म्युझियममधे आम्ही दोन गोष्टी करतो, एक म्हणजे हवाबंद पिशवीत ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या घालून तीन-चार आठवडे ठेवणं, दुसरी म्हणजे उणे वीस अंशाला दोनएक आठवडे गोठवणं. गोठवण्याचं काम घरच्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात होईल असं धरू नका, तिथलं तापमान सारखं वर-खाली होतं आणि किडीला हळूहळू थंडीची सवय होते. चेस्ट फ्रीझर असेल तर विचार करा, पण मूर्तीला मणी, कवड्या, दोरा, जाड कवच बसलेला थर असं काही असेल तर आधी एखाद्या कॉन्झर्वेटरला दाखवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात कॉन्झर्वेशनचा स्वतंत्र विभाग आहे, तिथं चौकशी करता येईल. आणि गोठवलंच, तर बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, पूर्ण दिवस तशीच राहू द्या, नाहीतर दमट हवेतलं पाणी थेट लाकडावर बसेल.

आता लोसो म्हणजे कोण.

टोगो हा उभा चिंचोळा देश, किनारा जेमतेम पन्नासेक किलोमीटर आणि लांबी सहाशेच्या आसपास. लोमे अगदी दक्षिणेला समुद्रावर, आणि लोसो लोकांचा मुलूख लोमेपासून चारशेहून जास्त किलोमीटर उत्तरेला, कारा शहराच्या पुढं न्यामतुगूच्या आसपास. ते स्वतःला नावदबा म्हणतात, भाषा नावदम. 'लोसो' हे सरकारी आणि शेजाऱ्यांच्या बोलण्यातलं नाव आहे, आणि त्यात पुष्कळदा शेजारचे लांबा लोकही मोजले जातात. ज्वारी-बाजरी आणि याम (कोनफळासारखा कंद) पिकवणारे शेतकरी, पूर्वज आणि जमीन यांच्याशी जोडलेले धार्मिक विधी, ज्वारीची बिअर जी प्यायलीही जाते आणि पूर्वजांना वाहिलीही जाते.

पण आज ते सगळे फक्त न्यामतुगूलाच राहतात असं नाही, आणि हे तुमच्या मूर्तीसाठी महत्त्वाचं आहे. १९१४ पर्यंत टोगो जर्मनांची वसाहत होती, मग त्याचा मोठा भाग फ्रेंचांच्या ताब्यात आला, आणि १९२० च्या दशकापासून फ्रेंच प्रशासनानं उत्तरेकडच्या दाट वस्तीतल्या काब्ये आणि लोसो कुटुंबांना खाली मध्य टोगोत, सोकोदे ते आताकपामे या पट्ट्यात नेऊन वसवलं, सुरुवातीला बऱ्यापैकी जबरदस्तीनं, रस्ते आणि रेल्वेच्या कामासाठी मजूर हवे होते म्हणून. नंतर लोक स्वतःहूनही उतरत राहिले. म्हणजे घराणी हलली, आणि त्यांचे विधीही हलले. मध्य टोगोतल्या एखाद्या गावातून निघालेली वस्तू लोसो कुटुंबाची असू शकते, आणि उत्तरेतून निघालेली शेजारच्या काब्ये, लांबा किंवा बातामारिबा घरातलीही असू शकते. लोमेमधला व्यापारी, जो बहुतेक वेळा स्वतः त्या भागातला नसतो, आफ्रिकन कलेच्या व्यापारात हाउसा व्यापारी पिढ्यान् पिढ्या आहेत, तो तिसऱ्या-चौथ्या हातातून घेतलेल्या वस्तूला जे नाव ऐकलं ते सांगतो. म्हणून माझं स्पष्ट मत सांगते, तुमच्या मूर्तीबद्दलच्या सगळ्या माहितीत 'लोसो' हा सगळ्यात कच्चा भाग आहे. तो खोटा आहे असं नाही म्हणत, पण त्यावर काही बांधू नका.

माझ्या हातून लोसो म्हणून ज्या मूर्ती गेल्या त्या बहुतेक लहान, वीत-दीड वीत, एकाच लाकडातून कोरलेल्या, उभ्या, हात अंगालगत, बेंबी पुढं आलेली, चेहरा अगदी मोजक्या खुणांचा. यातलं काहीही एकट्या लोसोंचं नाही. पुढं आलेली बेंबी तर पश्चिम आफ्रिकेत सगळीकडं भेटते.

या मूर्ती कशासाठी असतात हे समजून घ्यायचं तर लोसोंपेक्षा त्यांच्या उत्तरेला दापाओंगकडं राहणाऱ्या मोबा लोकांकडून सुरुवात करावी, कारण मोबांवर १९८० च्या दशकात गावात राहून नीट अभ्यास झालाय. (मोबांचं सरसकट लोसोंना लावू नका, पण विचाराची दिशा कळते.) मोबा मूर्तींना चिचेरी म्हणतात आणि त्यांचे तीन आकार आहेत. सगळ्यात लहान, येंदू चिचेरी, वीतभर किंवा त्याहून कमी, एका माणसाच्या स्वतःच्या देवस्थानासाठी. मधली बावोंग चिचेरी, हातभर ते त्याहून मोठी, घराच्या पूर्वजासाठी, घरात ठेवलेली. आणि सगळ्यात मोठी साकाब चिचेरी, माणसाच्या छातीइतकी किंवा जास्त, कुळाच्या मूळ पुरुषासाठी, ती उघड्यावर जमिनीत अर्धवट पुरलेली, पाऊस-ऊन-वाळवी सगळं सोसत. चेहरा बहुतेकदा कोरलेलाच नसतो, गोल डोकं, सरळ धड, बाजूला सोडलेले हात, दोन पाय, बस. आणि माणूस आपल्या मनानं जाऊन मूर्ती करून घेत नाही, घरात आजार, पीक गेलं, मूल राहत नाही असं काही झालं की दैवज्ञाकडं जायचं, तो सांगतो की अमुक पूर्वजासाठी मूर्ती कर, आणि कोरण्याचं कामही कुणीही करत नाही, ज्याचा बाप दैवज्ञ होता त्यालाच ते करता येतं, कारण ते काम धोक्याचं मानलं जातं. मग तिच्यावर कोंबडीचं रक्त, पिठाचं पाणी, बिअर वाहिली जाते. आपल्याकडं देव्हाऱ्यात पूर्वजांचे टाक असतात ना, ज्यांचं मोल चांदीपेक्षा कुणासाठी बसवले आणि कुणी पुजले यावर ठरतं, तसं काहीसं समजा.

इथंच एक गोष्ट लक्षात घ्या. बाजारात लोक विचारतात चेहरा किती सुंदर आहे, आणि या मूर्ती ज्यांनी केल्या त्यांना चेहऱ्याची गरजच वाटली नव्हती. ज्या मूर्तीचं काम पूर्वजासाठी जागा धरून ठेवणं आहे तिला नाकडोळे असलेच पाहिजेत असं नाही. म्हणून 'कोरीव काम साधं आहे म्हणजे खोटी' किंवा 'इतकी ओबडधोबड म्हणजे नक्की जुनी' ही दोन्ही अनुमानं सोडून द्या.

टोगोच्या दक्षिणेला एवे लोकांच्या जुळ्यांच्या मूर्ती असतात, वेनावी, जुळ्यांतलं एक मूल गेलं की त्याच्यासाठी मूर्ती करून तिला आंघोळ घालतात, भरवतात, कपडे घालतात, त्यामुळं वर्षानुवर्षं धुतल्यानं नाकडोळे झिजून गुळगुळीत होतात, आणि या मूर्ती लोमेच्या बाजारात अक्षरशः ढिगानं असायच्या. तुमची मूर्ती पिढ्यान् पिढ्या धुतल्यासारखी गुळगुळीत असेल, कंबरेखाली कपडा बांधल्याच्या झिजेची रेघ असेल, केसांत निळीचा अंश दिसत असेल, तर ती लोसो म्हणून विकलेली एवे मूर्ती असण्याची शक्यता मी आधी तपासेन. त्याउलट बुर्किना फासोकडच्या लोबी मूर्ती, बातेबा, त्यांची विशिष्ट डोकी आणि अंगाची ठेवण फोटोत बघितलीत की तुमच्या लक्षात येईल, त्यातली एखादी एक हात वर केलेली किंवा दोन डोक्यांचीही असते, आणि बाजारात छोट्या उत्तरेकडच्या मूर्तींची लेबलं एकमेकांत सहज अदलाबदल होतात.

आता 'खरी' म्हणजे काय. माझ्या कामात खरी म्हणजे ज्यांच्या नावानं विकली जाते त्यांच्या वापरासाठी केलेली आणि खरोखर वापरलेली. विक्रीसाठी प्रामाणिकपणे कोरलेली मूर्ती खोटी नाही, ती कारागिराची मेहनत आहे, तिला मान द्या. खोटी म्हणजे नवीन करून जुनी म्हणून विकलेली. आणि ऐंशीच्या दशकातल्या लोमेत तिन्ही मिळायच्या.

घरी तुम्ही काय बघू शकता ते सांगते. खिडकीशी बसा, टॉर्च बाजूनं तिरका मारा, भिंग घ्या.

वाकसाच्या, म्हणजे सुताराच्या आडव्या पात्याच्या हत्याराच्या, खुणा शोधा. तिकडचा कारागीर मुख्यतः वाकसानं कोरतो आणि चाकूनं फिनिशिंग करतो, त्यामुळं पाठीवर, पायांच्या बेचक्यात, बगलेत छोटे सपाट कापाचे तुकडे दिसले पाहिजेत. सगळीकडं सँडपेपरची समांतर बारीक रेषा असेल तर विक्रीसाठी केलेली. मग बघा झीज कुठं आहे. वापरातल्या मूर्तीला माणसं ठराविक ठिकाणी धरतात, म्हणून पोट-पाठ गुळगुळीत आणि बगल, हनुवटीखाली, पायांमधे खडबडीत असं असतं. सगळीकडं सारखीच गुळगुळीत झीज ही बहुतेक वेळा एका दुपारी झालेली असते.

भेगा बघा. तिकडं ओल्या लाकडात कोरतात, कारण सोपं जातं, मग सुकताना गाभ्यापासून बाहेर उभी भेग पडते, बहुतेक पाठीला किंवा डोक्यापासून खाली. जुन्या भेगेच्या कडा गोलावलेल्या असतात आणि आतही धूळ-मळ बसून बाहेरच्याच रंगाची असते. बाहेर काळं आणि भेगेच्या आत फिकं ताजं लाकूड असेल तर रंग नंतर दिलाय, किंवा ती भेग भारतात आल्यावर पडलीय, दोन्ही होतं, म्हणून एकट्या भेगेवर निकाल देऊ नका.

किडीची भोकं सगळ्यात जास्त बोलतात, आणि हे सहसा कुणी सांगत नाही म्हणून जरा थांबते. किडा लाकडाच्या आत फिरतो आणि बाहेर पडताना पृष्ठभागाला गोल भोक पाडतो. म्हणजे आधी मूर्ती, नंतर कीड असं असेल तर तुम्हाला फक्त गोल भोकं दिसतील. पण पृष्ठभागावर लांबट उघडी नाळ दिसली, म्हणजे बोगदा उभा चिरून अर्धा उघडा पडलाय असं, आणि तिच्या कडा कोरीव कामाच्या कापानं सरळ कापलेल्या असतील, तर लाकूड आधीच किडलेलं होतं आणि त्यावर नंतर कोरलंय. जुन्या घराची तुळई किंवा उखळीचं लाकूड घेऊन 'जुनी' मूर्ती करायची ही ठरलेली युक्ती आहे. फक्त एक काळजी घ्या, पातळ कवच नंतर तुटूनही नाळ उघडी पडते, त्यावेळी कड वेडीवाकडी, कुरतडल्यासारखी असते. भिंगाखाली फरक स्पष्ट दिसतो.

तळ उलटा करा. मातीत किंवा मातीच्या ओट्यावर उभी राहिलेली मूर्ती पायांकडून जाते, वाळवी खालून येते आणि मऊ भाग खाऊन कठीण शिरा मागं ठेवते. पाय अखंड धारदार आणि डोकं मात्र 'झिजलेलं' हे मला पटत नाही.

थराचा वास घ्या, खरंच. बूट पॉलिशला, जळक्या ऑइलला आपला वास असतो, आणि तो वर्षानुवर्षं बंद पिशवीत परत येतो. पिठाचे, बिअरचे, रक्ताचे थर एकावर एक बसतात, खोलगट जागी जाड आणि उंच जागी पातळ, मधेच एखादं पिसाचं तूस अडकलेलं. स्वस्तातली यूव्ही टॉर्च मिळते ती अंधारात मारून बघा, नारिंगी चमकलं तर कुणीतरी लाखेचं पॉलिश फिरवलंय, आणि ते आपल्याकडच्या सुतारानंही फिरवलेलं असू शकतं, सासऱ्यांना विचारा. मूर्ती हाताळताना नायट्राइलचे ग्लोव्हज घाला, जुन्या संग्रहातल्या लाकडावर आर्सेनिक किंवा डीडीटी मारलेलं असायचं, मुलांच्या हातात तर देऊच नका.

कार्बन डेटिंगचा विचार करताय असं लिहिलंत, तर पैसे वाचवा. ती टेस्ट झाड कधी वाढलं ते सांगते, मूर्ती कधी कोरली ते नाही, त्यामुळं जुन्या तुळईतली नवी मूर्ती आरामात पास होते. शिवाय साधारण १६५० ते १९५० मधल्या लाकडाचं उत्तर इतकं पसरट येतं की उपयोग होत नाही. १९५० नंतरच्या अणुचाचण्यांमुळं हवेतला कार्बन बदलला म्हणून अगदी नवं लाकूड पकडता येतं, एवढाच तिचा फायदा, आणि वीतभर मूर्तीतून त्यासाठी तुकडा काढणं मला मान्य नाही.

घरात ठेवू का, हा प्रश्न सासूबाईंनी विचारलाय असं लिहिलंत. त्यांना सांगा, तिकडच्या समजुतीप्रमाणंही नुसतं कोरलेलं लाकूड काही करत नाही, विधी करून बसवल्यावर आणि पूर्वजाला बोलावल्यावर ती जागृत होते, आणि ते नातं त्या घराचं त्या पूर्वजाशी असतं, दुसऱ्या कुणाशी नाही. भिण्यासारखं काही नाही. पण शोपीस म्हणून बाथरूमच्या शेल्फवर किंवा पेयांच्या कपाटावरही नको, कुणाच्यातरी आजोबांसाठी केलेली असण्याची शक्यता आहे म्हणून. आतल्या भिंतीला, उन्हापासून, एसीच्या झोतापासून आणि स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. पावसाळ्यात आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांवर जाते, तेव्हा काचेच्या बंद केसमधे सिलिका जेल ठेवलं तर चांगलं, मात्र एकदम कोरडं करू नका, लाकडाला सारखं वर-खाली होण्याचा त्रास जास्त होतो.

आणि आता ज्याच्यासाठी एवढं लिहिलं ते. २०२१ मधे फ्रान्सनं बेनिनला आबोमेच्या राजवाड्यातल्या २६ वस्तू परत दिल्या, कारण त्या १८९२ च्या लढाईत कुठून उचलल्या याची नोंद होती. टोगोच्या उत्तरेतल्या छोट्या घरगुती मूर्तींच्या बाबतीत अशी नोंद सहसा नसते, कुठलं गाव, कुठलं घर, मालकानं स्वतः विकली की धर्म बदलल्यावर टाकून दिली की चोरीला गेली, काहीच नाही. उद्या लोमे किंवा कारामधला कुणी अभ्यासक विचारायला आला तर आपल्याकडं सांगायला फक्त व्यापाऱ्याचा एक शब्द उरतो. हे नुकसान घुणापेक्षा मोठं आहे, आणि तुमच्या बाबतीत ते थोडंफार अजून भरून काढता येतं कारण ज्यांनी ती विकत घेतली ते हयात आहेत.

म्हणून या रविवारी सासऱ्यांजवळ बसा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. कोणत्या साली घेतली, लोमेतच घेतली की उत्तरेत कुठं गेले होते, कारा, सोकोदे, आताकपामे यातलं एखादं नाव आठवतंय का. हस्तकलेच्या दुकानातून, रस्त्यावरच्या फेरीवाल्याकडून, की अकोदेसेवाच्या जडीबुटी-नवसाच्या बाजारातून. विकणारा कोणती भाषा बोलत होता, किती पैसे दिले, बरोबर जोडीची दुसरी मूर्ती होती का, अंगावर दोरा, कापड, मणी होते आणि नंतर कुणी काढले का. पावती, त्या वेळचे फोटो, पासपोर्टवरचे शिक्के, सगळं एका पाकिटात. त्यांना जे आठवतं ते त्यांच्याच शब्दांत लिहा, तुम्ही 'लोसो मूर्ती' असं सुधारून लिहू नका, 'विकणाऱ्यानं लोसो सांगितलं' असं लिहा. मग समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, डोक्यावरून आणि तळाचा असे फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून, नैसर्गिक उजेडात, फ्लॅशशिवाय, आणि ते मला पाठवा. तळाचा आणि पाठीच्या भेगेचा जवळून एक-एक जास्तीचा.